धरायची पद्धत

येऊरच्या पायथ्याशी, पत्र्याच्या शेडमध्ये,
कुत्र्यांच्या तीन रांगा ओलांडल्यावर
कोपऱ्यात, टेबलफॅनच्या वाऱ्यात, त्या दोघी.
वर्तकनगरच्या एका लिफ्टमध्ये
बुटांच्या खोक्यात घालून कुणीतरी सोडल्या, शॅरन म्हणाली.
कुठल्या मजल्यावरच्या, ते कळलं नाही.
दुपारपर्यंत लिफ्ट त्यांना घेऊन
खाली-वर करत राहिली.

कुमुद माझ्या मागे उभी. तिचीच ही कल्पना.
रिटायर झाल्यापासून मी म्हणे
घड्याळासारखा झालोय,
एका जागी, आणि नुसता आवाज.

"एकेक देत नाही आम्ही. जोडीनंच न्यायच्या.
एकटी राहिली की खाणं सोडते."
कुमुदने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी हात घातला.
एक तळवा छातीखाली, दुसऱ्यावर मागचे पाय,
पोटावर दाब नाही,
अंगाशी घ्यायचं, म्हणजे धडपड थांबते.
थांबली.
"वा काका! लोकांना अर्धा अर्धा तास शिकवते मी. तुम्ही कुठे शिकलात?"
"नोकरीत."
तिला वाटलं असेल, जनावरांचा दवाखाना.

रबाळ्याची कंपनी, दुसरा मजला,
दाराला दोन कुलपं, आत कायम बावीस अंश.
सकाळी सातला मी लसूणघासाची गोणी ओढत यायचो
आणि सगळे पिंजरे एकदम शिट्ट्या मारायचे.
रोज.
वहीतलं शेवटचं पान ज्या दिवशी भरायचं
त्या दिवशीसुद्धा.

नावं नव्हती. पिक्रिकचा पिवळा बोळा फिरवायचा:
एकीच्या डोक्यावर, एकीच्या पाठीवर, एकीच्या कमरेवर,
एक कोरी.
तसंच लिहायचो, डोकं, पाठ, कंबर, कोरी,
पुढे वजन, ग्रॅममध्ये.
बोटं पिवळी राहायची. लग्न नवीन होतं,
सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंची हळद अजून उतरली नाही.
सगळे हसले. मीही.
कुमुदला पुढे केव्हातरी कळलं.
पोळी वाढताना ती माझ्या हाताकडे बघायची,
बोलली कधीच नाही.

फॉर्म तीन पानी.
घर स्वतःचं का. मांजर आहे का.
गावाला गेलात तर कोण बघेल.
सातवा प्रश्न: गिनिपिग पूर्वी हाताळले आहेत का?
असल्यास किती?
"एक, दोन, असं लिहा काका," शॅरन म्हणाली.
मी पेन धरून बसलो.
आठवड्याला एवढ्या, वर्षाचे आठवडे एवढे,
गुणाकार आपसूक सुरू झाला, हातचे घेत घेत.
कुमुदने कागद ओढला.
लिहिलं: आहेत.
पुढची रेघ मोकळी सोडून
खाली माझ्या आधी तिने सही केली.

घणसोलीपर्यंत रिक्षा. मांडीवर हापूसची रिकामी पेटी,
पेंढ्यात दोन गरम उंचवटे.
रबाळ्याचा सिग्नल नेमका लाल.
इमारत आहे तशीच, आता कुठल्याशा कुरिअरचं गोदाम.
पेटी मी दुसऱ्या अंगाला वळवली.
त्यांना काय दिसणार होतं!

आता फ्रीज उघडला की शिट्टी.
कोथिंबिरीची पिशवी वाजली की शिट्टी.
पहिल्याच दुपारी मी झोपेतून ताडकन उठलो,
चपला शोधू लागलो.
कुमुद म्हणाली, भूक लागलीय त्यांना, एवढंच.
एवढंच.

आवळा किसून देतो. ढोबळी मिरची, बिया काढून.
उकाडा फार, म्हणून शहाबादी फरशीचा तुकडा
भिजवून ठेवतो, त्यावर पसरतात बिनधास्त.
दर गुरुवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन,
सवय आहे. मांडून ठेवत नाही कुठे.

नावं कुमुदने ठेवली, घारी आणि बुंदी.
बुंदीच्या पाठीवर, बरोबर त्याच जागी,
पिवळसर डाग आहे.
पहिल्या रात्री कुमुद निजल्यावर
मी अंगठा ओला करून तो घासून पाहिला.
निघाला नाही. तिचाच आहे.
तिने मान वळवून अंगठा हुंगला, जरा विचार केला,
आणि चावली,
चांगली कडकडून.